नरसय्याची सर्वकामी काठी

आमच्या साखर पेठेत लोक बोकड दाव्याला बांधतात. नरसय्या बोकड गळाला लावतो.

हे मी अलंकारिक भाषेत सांगत नाही. अलंकार मला जमत नाहीत. मी पत्रकं लिहितो. भर सकाळी नरसय्या ओट्यावर उभा होता, हातात सहा हाती बांबू, बांबूच्या शेंड्याला दोरी आणि दोरीच्या टोकाला शेजारच्या खाटकाचा बोकड. गळ्याला फक्त फास होता, आकडा नव्हता, एवढी भूतदया त्याने दाखवली होती. त्याने बोकडाच्या पाठीवर थाप मारली. बोकड उधळला, बांबूची कमान झाली, नरसय्या ओट्यावरून खाली आला आणि ‘आमच्या गल्लीला नळ कधी?’ या माझ्या ताज्या, शाई न वाळलेल्या पत्रकांच्या गठ्ठ्यावर येऊन बसला. पुढे आठवडाभर त्याच्या धोतरावर ‘कधी?’ हा सवाल उलट्या अक्षरांत वाचता येत होता.

“अण्णा, हे काय चाललंय?” मी ओरडलो.

“ताण बघतोय की, तम्मी,” नरसय्या धोतर झटकत म्हणाला. “कुपा बोकडाएवढा असतोय.”

तम्मी म्हणजे तेलुगूत धाकटा भाऊ. गल्लीतले सगळे पद्मसाळी विणकर मला मास्तर म्हणतात, पोलीस काय म्हणतात ते इथे लिहिण्यासारखं नाही. तम्मी म्हणणारा नरसय्या एकटाच.

कुपा म्हणजे काय, हे सोलापूरकर वाचकाला सांगितलं पाहिजे. कुपा हा समुद्रातला मोठा मासा. काळपट पाठ, अंग चरख्याच्या चातीसारखं, आणि जोर असा की धरणाऱ्यालाच ओढून नेईल. हे मला नरसय्याने सांगितलं. नरसय्याने स्वतः कुपा पाहिलेला नव्हता. समुद्रही पाहिलेला नव्हता. आमच्याकडे समुद्र म्हणजे शाळेतल्या नकाशावरचा निळा रंग, आणि तोही पोरांनी बोट फिरवून फिरवून उडालेला. ज्या गावात बायका पहाटेपासून घागरी घेऊन आडावर भांडतात, त्या गावात पन्नाशीचा एक गृहस्थ समुद्रातला मासा पकडायला काठी निवडतो! मी विचारतो, याला काय म्हणावं? मी त्या वेळी बरंच काही म्हटलं. त्यातलं छापण्याजोगं एवढंच.

नरसय्याचं घर म्हणजे एक लांबट खोली. तिच्यात दोन हातमाग, एक चूल, नरसय्या आणि त्याची बायको लक्ष्मक्का. होळीपर्यंत रघूही होता. रघू देवगडाकडचा, एका गिरणीत फिटर. भाड्याची खोली मिळेपर्यंत चार दिवस राहतो म्हणून आला आणि कित्येक वर्षं दोन मागांच्या मधल्या जागेत पथारी टाकून राहिला. संध्याकाळी ओट्यावर बसून तो नरसय्याला समुद्र सांगायचा. भरती, ओहोटी, होडीवर टेहळणी करणारा म्हातारा, आणि दसऱ्यानंतर किनाऱ्याजवळ येणारा कुपा. नरसय्या ऐकता ऐकता सुताच्या कांड्या भरायचा. समुद्राचं वर्णन रंगात आलं की कांड्या सैल भरल्या जायच्या आणि आतून लक्ष्मक्का ओरडायची, “अय्यो, समुद्र ऱ्हाऊ दे, सूत बघा!”

मग होळीच्या आधी गिरणीच्या पट्ट्यात रघूचा उजवा हात गेला. कोपरापासून. मालकांनी नवा सदरा आणि देवगडपर्यंतचं भाडं देऊन त्याची बोळवण केली. सदऱ्याला दोन बाह्या होत्या, याचीही लाज कुणाला वाटली नाही. मी ‘गिरणीने गिळलेला हात’ हे पत्रक काढलं. अजून लोक त्याची आठवण काढतात. मालकांच्या फाटकावर मी ते स्वतः चिकटवलं आणि पहारेकऱ्याचा दंडुका खाल्ला.

नरसय्याने पत्रक वाचलं नाही, कारण त्याला मराठी वाचता येत नाही. तो रघूला मोटारस्टँडवर पोचवायला गेला आणि मोटार सुटताना म्हणाला, “दसरा झाला की मी येतो. आपण कुपा धरू.”

पावसाळ्याच्या तोंडी कोकणातला एक गिरणीकामगार गावाहून परतला, त्याने खबर आणली की रघू घराबाहेर पडत नाही. भावांच्या होड्या जातात-येतात, हा भिंतीकडे तोंड करून बसतो. भावांनी एकदा बळेच होडीत नेला, तर परत येऊन दोन दिवस जेवला नाही.

त्याच दिवशी नरसय्याने काठी शोधायला सुरुवात केली.

आता काठी शोधणं म्हणजे बुरूड आळीत जाऊन बांबू आणणं, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं. पण मधे लक्ष्मक्का उभी होती.

“त्या घरात दोन माग हायत, आमी दोगं हावोत,” ती मला म्हणाली. “उभं ऱ्हायला जागा न्हाय. जे उभं ऱ्हाईल त्यानं काम केलं पायजे. मासं धरायची काठी वर्सातनं एकदा मासा धरणार आन् बाकी वर्सभर माज्या डोक्यात पडणार!”

म्हणून काठी सर्व कामांची हवी, असं ठरलं. तिच्यावर लुगडी वाळली पाहिजेत. तिने शेवग्याच्या शेंगा निघाल्या पाहिजेत. आढ्याची जळमटं, भिंतीवरचं मांजर, आणि गावाबाहेरच्या एकरुखच्या तलावातला मरळ मासा हीही कामं तिची. शिवाय ती स्वस्त हवी. आणि शेवटी, हे सगळं करून वेळ उरला तर, तिने कुपा धरला पाहिजे.

कॅम्पातल्या एका पारशी शेटजींच्या दुकानात गिरणीच्या गोऱ्या साहेबांसाठी विलायती गळकाठ्या येतात, असं कुणीतरी नरसय्याला सांगितलं. विलायती! मी आडवा आलो. ज्या गल्लीत मी परदेशी कापडाची होळी केली, त्या गल्लीत परदेशी काठी?

“विकत कुटं घेतोय, तम्मी? बघायची. डोळे तर स्वदेशीच हायत की.”

त्याच्यावर लक्ष ठेवण्यासाठी मी बरोबर गेलो.

शेटजींनी काठी काढली. वार्निश केलेली, तीन तुकड्यांची, तुकडे एकात एक बसणारे, खाली चकचकीत चाक. किंमत ऐकून मला पत्रक सुचलं. नरसय्याने काठीकडे पाहिलंच नाही. त्याने खिशातून सूत मोजायचं भिंग काढलं, दोरीवर धरलं, टोक उलगडून पीळ पाहिला आणि तोंड वाकडं केलं.

“ह्याला खळ न्हाय.”

“काय नाय?” शेटजी.

“खळ. कांजी. नुसतं कच्चं सूत हाय. तुटंल.”

“अरे बावा, ह्याने साहेब लोक स्कॉटलंडमध्ये सामन मासा पकडते!”

“ह्याच्यावर लुगडं वाळतंय का? आठ वारी?”

शेटजींनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे पाहिलं.

“शेवग्याच्या शेंगा?” नरसय्याने शांतपणे पुढचा प्रश्न टाकला.

“तू मासा पकडणार का भाजी करणार?”

मग नरसय्याने काठी हातात घेतली. एका हाताने धरली, दुसऱ्याने चाक फिरवलं. पुन्हा धरली, पुन्हा फिरवलं. “ह्याला दोन हात लागतात की,” तो म्हणाला.

“तुझ्याकडे किती हाय?” शेटजी हसले.

नरसय्या हसला नाही. त्याने काठी गादीवर ठेवली, भिंग खिशात टाकलं आणि पायऱ्या उतरला. वाटेत मी त्याला स्वदेशीवर एक छोटं व्याख्यान दिलं. त्याने ते शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, “बुरूड आळी अजून उगडी असंल का?”

पहिली काठी आठ दिवसांत झाली. नरसय्याने बुरुडाच्या दुकानातला एकूण एक बांबू वाकवून पाहिला. “ताण न्हाय तर काय न्हाय,” हे त्याचं ब्रीदवाक्य. मागावर तो हेच म्हणतो, बाजेचा सुंभ आवळताना हेच म्हणतो, आणि एकदा माझी सभा पांगली तेव्हाही त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवून हेच म्हटलं होतं. दोरी त्याने स्वतः वळली. सुताला सूत, पिळाला पीळ. आणि मागावर चढवायच्या ताण्याला, म्हणजे उभ्या सुताला, देतात तशी तिला गव्हाच्या पिठाची घट्ट खळ दिली, ब्रशाने निपटली, गल्लीभर ताणून वाळवली. दोरी तारेसारखी कडक झाली. सगळी पेठ पाहायला आली. असली देखणी दोरी विलायतेत होणार नाही, यावर एकमत झालं.

आयतवारी आम्ही एकरुखच्या तलावावर गेलो. नरसय्याने गळ टाकला आणि वाट पाहत बसला. थोड्या वेळाने दोरी थरथरू लागली. गळ मात्र जागेवरच. दोरी इथून थरथरे, तिथून थरथरे. पाण्यात चिल्लर माशांची ही गर्दी! गांडुळाला कोणी तोंड लावीना. सगळे खळ खात होते. पाऊण तासात त्यांनी दोरी धुऊन पुसून साफ केली. वर काढली तर ती ओल्या वातीसारखी लोंबत होती.

तलावावरचा भोई बिडी विझवून जवळ आला. “अवं मालक,” तो म्हणाला, “मासं धरताय का पंगत घालताय?”

दुसरा कुणी असता तर काठी तिथेच टाकून आला असता. नरसय्या परतताना एवढंच म्हणाला, “खळ चांगली झालती. न्हायतर खाल्ली नसती.”

दुसरी काठी त्या सकाळी बोकडाने मोडली. तिसरी मात्र जमली, आणि तिची रचना पाहून मी हात टेकले. बुंध्याशी त्याने कांड्या भरायच्या रहाटाचं लहानसं चाक बसवलं होतं. चाकाची मूठ डाव्या बाजूला. बुंधा टेकवायला कमरेला चामड्याचा पट्टा आणि त्यात लाकडी वाटी. पट्ट्याची एक वादी खांद्यावरून मागे. हा सगळा जामानिमा चढवून नरसय्या ओट्यावर उभा राहिला की संस्थानी बँडातल्या ढोलवाल्यासारखा दिसे.

“मूठ डावीकडे का, अण्णा? तुम्ही उजवे ना?”

“ताण तिकडनं बरा येतोय,” तो म्हणाला आणि जळमटं काढायला आत गेला.

याच काठीने माझा मोर्चा बुडवला. नळासाठी आम्ही म्युनिसिपालटीवर रिकाम्या घागरींचा मोर्चा काढला होता. बायका पुढे, आम्ही मागे. पोलिसांनी आमचे झेंड्याचे दांडके आदल्या दिवशीच जप्त केले होते. मी हताश होऊन बसलो, तेव्हा लक्ष्मक्काच म्हणाली, “आमची काठी न्या की. सगळ्या कामाची हाय.”

‘पाणी द्या, नाहीतर खुर्ची सोडा!’ हा फलक आम्ही तिच्या शेंड्याला बांधला. नरसय्याने पट्टा चढवला, बुंधा वाटीत रोवला आणि सर्वांत पुढे उभा राहिला. म्युनिसिपालटीच्या पायऱ्यांवर प्रेसिडेंटसाहेब आले. मी घोषणा दिली. बायकांनी घागरी बडवल्या. आणि त्या नेमक्या क्षणी वारा पडला, फलक जड झाला, आणि नरसय्याची काठी सावकाश, अदबीने, प्रेसिडेंटसाहेबांपुढे कमरेत वाकली. साहेबांना वाटलं, पेठेचा मुजरा आला. त्यांनी प्रसन्न होऊन दोन्ही हात जोडले आणि आत जाऊन चहा मागवला.

“अण्णा!” मी फलक सोडवत ओरडलो. “तुमच्या काठीला कणा नाही!”

“कणा असला तर कुप्यापुढं मोडती की. वाकली ती टिकली.”

“हे गुलामांचं तत्त्वज्ञान आहे!”

“तत्त्वज्ञान न्हाय, तम्मी,” तो म्हणाला. “बांबू हाय.”

दसरा झाला. नरसय्याने मागावरचं लुगडं उतरवून दिलं, कपाळाला अंगारा लावला आणि काठी घेऊन देवगडला गेला. मोटारीच्या टपावर काठी मावेना, म्हणून मिरजेच्या पुढे त्याने ती खिडकीतून बाहेर धरून नेली, आणि वाटेतल्या एका चिंचेची फांदी तिला अडकून तुटून आली, असं नंतर समजलं. मी त्याच्या जाण्याचा निषेध केला. सार्वजनिक प्रश्न ऐन रंगात असताना खासगी मासेमारी! लक्ष्मक्काने वाटेसाठी ज्वारीच्या भाकरी, शेंगांची चटणी आणि रघूसाठी एक पंचा दिला होता. पंचा तिने स्वतः विणला होता.

पंधरवड्याने तो परतला. उन्हाने काळा, ओठ फुटलेले. सगळी गल्ली ओट्याशी जमली.

“कुपा?” खाटकाने विचारलं. बोकडाचा मालक म्हणून पहिला प्रश्न त्याचा.

“न्हाय.”

“मग काय झालं?”

नरसय्या पाणी प्यायला, मग सांगू लागला. पहिले तीन दिवस तो होडीत आडवाच होता. समुद्र वर जायचा तेव्हा पोट खाली, आणि समुद्र खाली जायचा तेव्हा पोट वर. समुद्राला लई ताण हाय, असं त्याचं मत झालं होतं. पण खरी गंमत पुढेच होती. रघूच्या भावांनी काठी पाहिली आणि वाळूत लोळून हसले. कारण तिकडे कुपा काठीने कुणी धरतच नाही. दोन हातांनी दोरी ओढून धरतात! आजोबांपासून तसंच. काठीचा प्रश्नच नाही. रघूने इतक्या वर्षांत कुपा हजारदा सांगितला, पण काठी कधी सांगितली नव्हती. ती नरसय्याने मनाने घातली होती.

मी कपाळावर हात मारला. चार महिने! तीन बांबू, एक बोकड, माझा एक मोर्चा!

“आन् रघू?” आतून लक्ष्मक्काने विचारलं.

“हसला की,” नरसय्या म्हणाला. “सगळ्यांत जास्त हसला. भाऊ म्हणाले, होळीपास्नं पयल्यांदा.”

“मासा एकबी न्हाय?” खाटकाने पुन्हा विचारलं.

नरसय्याने करंगळी दाखवली. “एवडा.”

“आणि काठी कुठाय?” मी विचारलं.

“तितंच ऱ्हायली.”

“अय्यो!” लक्ष्मक्का बाहेर आली. “मी लुगडी कशावर वाळवू?”

गल्ली हसली आणि पांगली. चार दिवसांनी नरसय्याने चौथी काठी केली, अगदी तिसरीसारखी. तिच्यावर लुगडी वाळू लागली. मला वाटलं, प्रकरण मिटलं.

त्यानंतर एका आयतवारी मी एकरुखच्या तलावावर गेलो होतो. म्युनिसिपालटी म्हणत होती तलावात पाणी नाही. मला ते डोळ्यांनी पाहून पत्रक लिहायचं होतं. पाणी होतं. आणि बांधाच्या टोकाला नरसय्या होता. कमरेला पट्टा, वाटीत काठी. जवळ गेलो तेव्हा दिसलं की त्याचा उजवा हात अंगाशी उपरण्याने घट्ट बांधलेला आहे. गाठ पाठीमागे. म्हणजे लक्ष्मक्काने मारून दिलेली.

“हात दुखावला का, अण्णा?”

“न्हाय की.”

“मग?”

तो डाव्या हाताने चाक फिरवत म्हणाला, “तिकडं रघू आयतवारी याच येळंला ती काठी घिऊन खडकावर बसतोय. एकटाच. भाऊ होडीत जातात. मी म्हणलं, तू तितं बस, मी हितं बसतो.”

“पण हात कशाला बांधायचा?”

“मोकळा असला की मधे येतोय की. लबाडी होती.”

मी त्याच्या शेजारी दगडावर बसलो. समोर उन्हाने पाणी तांबूस झालं होतं. भोई दूर जाळं झटकत होता. तो आता हसत नव्हता, त्याला सवय झाली असावी.

एकाएकी काठी वाकली. खरंच वाकली; बोकडापेक्षा, फलकापेक्षा जास्त. चाक गरगरलं, नरसय्याचा तोल गेला, एक गुडघा टेकला. मरळ मोठा असणार. एका हाताने त्याला धड चाक सांभाळेना, धड काठी. दोरी पाणी कापत निघाली. मी उडी मारून काठीला हात घातला.

“हात लावू नगंस!”

इतक्या मोठ्याने तो माझ्यावर कधी ओरडला नव्हता. कपाळावर घाम, डोळे पाण्यावर.

“सोड, तम्मी. तितं त्याच्या शेजारी कोन न्हाय.”

मी काठी सोडली. मागे सरून बसलो आणि माझे दोन्ही हात मांडीखाली घातले, कारण त्यांना राहवत नव्हतं. नरसय्याने चाक धरलं, सोडलं, पोटाने काठी रेटली, दाताने दोरी धरली, पुन्हा चाक फिरवलं. मासा अगदी काठाशी आला. त्याची पाठ मला दिसली. मग एक झटका, आणि दोरी सैल.

नरसय्या बराच वेळ धापा टाकत बसला. मग तोंडातला सुताचा धागा थुंकून म्हणाला, “आला असता. दात लावायचं आधी सुचायला पायजे हुतं. त्याला सांगतो.”

आमच्या गल्लीला नळ आला आहे. पाणी यायचं आहे. त्यासाठी मोर्चा निघेल तो आयतवारी ठेवायचा नाही, एवढं मी कमिटीत ठरवून घेतलं आहे. कारण विचारलं तेव्हा मी सांगितलं की त्या दिवशी आपला झेंड्याचा दांडा रिकामा नसतो.